सिंहासनावरील हंसूं

'ऐतिहासिक' हा शब्द नाटकाच्या जाहिरातींत दिसला कीं मराठी प्रेक्षक खुर्चींत जरा सावरून बसतो. आतां तलवारी म्यानाबाहेर येणार, शब्दांना धार चढणार आणि शेवटच्या अंकांत कोणी तरी कोणासाठीं प्राण ठेवणार, याची त्याला खात्री असते. दादरच्या शिवाजी मंदिरांत आणि गिरगांवच्या साहित्य संघांत मीं तरुणपणीं जीं ऐतिहासिक नाटकें पाहिलीं, त्यांत पोटभर हंसल्याचें मला आठवत नाहीं. 'रायगडाला जेव्हां जाग येते' पाहून बाहेर पडल्यावर माझे वडील घरापर्यंत एक शब्दहि बोलले नव्हते. लालबाग-परळच्या गणेशोत्सवांतील देखाव्यांतहि तेंच. अफझलखान कोसळतो, बाजीप्रभु खिंड लढवितो, मावळे गर्जना करतात. पण इतिहासांतला एखादा मनुष्य शिंकला, घसरला किंवा जेवतांना त्याला ठसका लागला, असें त्या देखाव्यांत मीं तरी कधीं पाहिलें नाहीं.

अशा संस्कारांत पंचाहत्तरी गांठलेला मी मनुष्य. गेल्या हिवाळ्यांत माझ्या नातीनें मला शेजारीं बसवून टीव्हीवर एक कोरियन ऐतिहासिक मालिका लावली. "आजोबा, खालीं इंग्रजी अक्षरें येतात तीं वाचत राहा, आणि पहिले दोन भाग संपेपर्यंत उठूं नका," एवढीच तिची अट होती. मी वीसच्या वीस भाग पाहून संपविले. वाचकांपैकीं अनेकांच्या घरांत हा कोरियन पाहुणा २०२० च्या टाळेबंदीपासूनच मुक्कामास आलेला असेल, आणि त्यांना माझें नवल शिळें वाटेल. पण मला सांगावयाचें आहे तें मालिकेच्या गोडीविषयीं जितकें, तितकेंच तिच्यापायीं आमच्या घरांत उसळलेल्या एका वादाविषयीं; आणि तो वाद अजून मिटलेला नाहीं.

मालिकेचें नांव 'मिस्टर क्वीन'. कोरियांतील टीव्हीएन या वाहिनीवर ती डिसेंबर २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालली. कथासूत्र नुसतें ऐकून कोणी शहाणा मनुष्य ती पाहावयास बसणार नाहीं. आजच्या सोलमधील राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानचा एक आचारी, मोठा रंगेल आणि आपल्या हातच्या चवीबद्दल तितकाच गर्विष्ठ, एका बालंटांत सांपडून जलतरण-तलावांत पडतो. आणि शुद्धीवर येतो तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जोसन राजवटीच्या राजवाड्यांत, लवकरच राणी व्हावयाच्या वधूच्या देहांत! परकायाप्रवेश ही कल्पना आपणांस नवी नाहीं. शंकराचार्यांनीं अमरु राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. फरक इतकाच कीं आपल्याकडे या कामाला आचार्य लागतात; त्यांचें आचाऱ्यावर भागतें.

पुढें जें होतें तें सांगण्यापेक्षां पाहण्यासारखें आहे. घोळदार रेशमी वस्त्रें, डोक्यावर तो अवजड केशसंभार, आणि त्यांतून राणी चालते ती एखाद्या खानावळीच्या मालकासारखी, ढांगा टाकीत. बसते ती पाय फांकवून. पिते ती घटाघटा. तिच्या दिमतीला चोई नांवाची एक प्रौढ मानकरीण आहे. साऱ्या जन्माची दरबारी रीतभात डोळ्यांदेखत मातीला मिळतांना पाहून त्या बाईच्या चेहऱ्यावर जें उमटतें, त्यासाठीं मी ही मालिका पुन्हां पाहीन. माझ्या आजोबांची पिढी बालगंधर्वांवर लुब्ध होती. त्या पुरुषानें रंगभूमीवर स्त्री अशी उभी केली कीं घरंदाज बायका त्यांच्या वेषभूषेचें अनुकरण करीत. येथें शिन हे-सन नांवाची नटी स्त्रीच्या देहांत अडकलेला पुरुष उभा करते. हा बालगंधर्वांचा अगदीं उलटा आरसा झाला. तिच्यांत पुरुषी बाई क्षणभरहि दिसत नाहीं; दिसतो तो स्वतःच्याच हातापायांनीं गोंधळलेला एक बापडा.

राजवाड्यांत खरी सत्ता थोरल्या राजमातेची. राणीचें वागणें तिला खपत नाहीं. पण राणी मुदपाकखान्यांत शिरते आणि शंभर-दीडशें वर्षांनंतरचे पदार्थ करून राजमातेची जीभ जिंकते. चुलीवरून राज्य हलविण्याची ही युक्ति आमच्याकडच्या सासुरवाशिणींना फार पूर्वींपासून ठाऊक आहे, असें माझी पत्नी स्वयंपाकघरांतूनच म्हणाली. मला मात्र त्याहून आवडला तो राजाचा कोश. राणीच्या तोंडीं आजची सोलची बोली आणि तींत मोडकीं इंग्रजी वाक्यें. राजाला त्यांतलें अक्षर कळत नाहीं. मग हा गृहस्थ गुपचूप एक वही करतो आणि राणीचे शब्द अर्थासह तींत उतरवून ठेवतो. राणी रागानें 'नो टच' म्हणते, तर त्या ध्वनींनाहि तो चिनी अक्षरें शोधून देतो. शिवाजीमहाराजांनीं फारसी शब्द काढून संस्कृत शब्द योजण्यासाठीं राज्यव्यवहारकोश करविला, हें आपण शाळेंत शिकतों. एका राजानें आपल्या बायकोचें बोलणें कळावें म्हणून कोश करावा, ही कल्पना मला त्या कोशाइतकीच राजस वाटली.

येथपर्यंत सारें खेळीमेळीनें चाललें होतें. मग मास्तर येऊं लागले.

मास्तर हे माझे पन्नास वर्षांचे स्नेही. दादरला राहातात, तीस वर्षें त्यांनीं शाळेंत इतिहास शिकविला. भुयारी मेट्रो गिरगांवपर्यंत आल्यापासून दर शनिवारची त्यांची फेरी सोपी झाली आहे, आणि वादाला फुरसत वाढली आहे. एक भाग पाहून झाल्यावर त्यांनीं नातीला विचारलें, "हा राजा खरा होऊन गेलेला, कीं कल्पित?" ती म्हणाली, "खरा, मास्तर आजोबा. चोलजोंग." मास्तर कांहीं बोलले नाहींत. पुढच्या शनिवारीं आले ते सगळें वाचून.

चोलजोंग १८४९ सालीं गादीवर आला. त्यापूर्वीं तो गांगह्वा बेटावर, हद्दपार झालेल्या राजकुळांतला एक पोरगा म्हणून, शेतींत राबत होता. आधींचा राजा निपुत्रिक वारला तेव्हां किम घराण्यांतल्या थोरल्या राजमातेनें या अठरा वर्षांच्या मुलाला आणून सिंहासनावर बसविलें. शिक्षण बेताचें, दरबारांत पाठीराखा कोणी नाहीं; किम मंडळींना असाच राजा हवा होता. १८५१ सालीं त्यांनीं आपल्याच घराण्यांतली मुलगी त्याला राणी म्हणून दिली. मालिकेची नायिका ती हीच. १८६२ सालीं करांच्या जाचानें दक्षिणेंतले शेतकरी उठले. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आंतच, बत्तीस वर्षांचा असतां, मागें मुलगा न ठेवतां राजा वारला.

"ज्याला जिवंतपणीं कोणी राजा मानलें नाहीं," मास्तर म्हणाले, "त्याला मेल्यावर हीं माणसें विदूषक करतात. अहो, यांत हंसण्यासारखें काय आहे?"

प्रश्न साधा होता, आणि त्यांच्या आवाजांत राग कमी व दुःख अधिक होतें. मीं उत्तर दिलें तें असें कीं मालिकेंतला राजा मूर्ख नाहीं. तो मूर्खपणाचें सोंग घेतो. दरबारांत पेंगतो, आणि रात्रीं जागून राज्य परत मिळविण्याची सिद्धता करतो. "हें सोंग इतिहासांत कुठें आहे?" मास्तरांनीं विचारलें. इतिहासांत तें नाहीं.

एक गोष्ट मात्र मास्तरांना या वाचनांत फार आवडली. जोसन राजांचीं इतिवृत्तें अशीं एक विलक्षण दप्तरें आहेत. १३९२ पासून पंचवीस राजांच्या कारकीर्दींचा वृत्तान्त त्यांत दरबारी लेखकांनीं नोंदविला आहे, आणि पंचविसावा राजा हाच आमचा चोलजोंग. १९९७ सालीं युनेस्कोनें त्यांना जागतिक स्मृतिठेव्यांत स्थान दिलें. नियम असा कीं राजानें स्वतःविषयींची नोंद वाचावयाची नाहीं. १४०४ सालीं थेजोंग नांवाचा राजा शिकारींत घोड्यावरून पडला. उठतांच तो म्हणाला, 'हें इतिहासलेखकाला कळूं देऊं नका.' लेखकानें राजा पडल्याचें लिहिलें, आणि राजा काय म्हणाला तेंहि लिहिलें! हें सांगतांना मास्तर इतके हंसले कीं त्यांना चष्मा काढावा लागला. आमच्या बखरकारांना हें साधलें असतें का, असें ते स्वतःशींच म्हणाले. बखरी बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिलेल्या. सभासदानें जिंजीला राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. आज्ञेवरून लिहितांना धनी घोड्यावरून कसा पडेल?

मीं ती संधि साधली. "मास्तर, तुम्ही आतां एका खऱ्या राजाला हंसलांत. तुमच्या या मालिकेचा पहिला भाग त्या लेखकानें सहाशें वर्षांपूर्वींच लिहून ठेवला आहे."

"त्यानें घडलेलें लिहिलें," मास्तर म्हणाले, "यांनीं न घडलेलें."

त्यानंतरच्या शनिवारीं त्यांनीं आपला हुकुमाचा पत्ता टाकला. ही मालिका सुरू होतांच खुद्द कोरियांतच तिच्यावर गहजब झाला होता. या इतिवृत्तांना बाजारगप्पांचें पत्रक म्हणणारें एक वाक्य तींत होतें, तें काढून टाकावें लागलें. मालिकेंतल्या दुसऱ्या एका राजमातेच्या चित्रणावर तिच्या चो घराण्याचे आजचे वंशज रागावले. निर्मात्यांनीं क्षमा मागितली, आणि दोन्ही घराण्यांचीं नांवें थोडथोडीं फिरविलीं. आंदोंगचे किम आन्सोंगचे झाले. शिवाय मार्च २०२१ मध्यें दुसरी एक ऐतिहासिक मालिका, ती विनोदी नव्हे, लोकांच्या संतापामुळें दोन भागांतच बंद पडली. "म्हणजे त्यांनाहि पूर्वज आहेत," मास्तर म्हणाले.

याला माझ्याजवळ पुरें उत्तर नाहीं, आणि तें आहे असें मी भासवणार नाहीं. पूर्वजांविषयींचा हळवेपणा ही नुसती झुंडशाही नव्हे. आपल्या पणजीला कोणी परक्यानें हंसूं नये असें मलाहि वाटतें. पण मला दिसलें तें एवढेंच कीं घराण्याचीं नांवें फिरवून तीं माणसें पुढें हंसत राहिलीं. आपल्याकडे काय होतें तें आठवा. गडकरी १९१९ सालीं वारले तेव्हां 'राजसंन्यास' अपुरें होतें. त्या शोकनाटकाच्या ऐन गाभ्यांत जिवाजी कलमदाने नांवाचा एक लेखणीबहाद्दर त्यांनीं बसवून दिला आहे. पल्लेदार वाक्यांच्या त्या दरबारांत हंसूं येतें तें त्याच्यामुळें. त्या नाटकावरील रागापायीं जानेवारी २०१७ मध्यें पुण्यांतल्या संभाजी उद्यानांतून गडकऱ्यांचा पुतळा उखडला गेला. १९७२ सालचें 'घाशीराम कोतवाल' तर पुण्यांत एकोणीस प्रयोगांनंतर थांबलें होतें. पुढें त्यानें जग पाहिलें ही गोष्ट वेगळी. दोन्ही वादांत कोणाची बाजू किती खरी हें वाचकानें आपल्यापुरतें ठरवावें. हंसणारे मात्र आपल्याकडे लवकर एकटे पडतात.

"आणि 'विच्छा'?" मास्तरांनीं विचारलें. "तिथें आपण राजाला हंसलों नाहीं?"

हंसलों होतों, आणि कसे! वसंत सबनीसांचें 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ सालीं आलें. पुढें एक-दोन वर्षांनीं वडील मला तें दाखविण्यास परळला घेऊन गेले होते. ते गिरणींत हिशेबनीस होते आणि तमाशा ही वस्तु घरांत नांव काढण्याजोगी नव्हती; तरी गेलों. दादा कोंडके हवालदार. ते स्वतः नायगांवच्या चाळींतले, गिरणगांवचेच. मैनावतीच्या हट्टासाठीं कोतवाल खुद्द राजाचा पलंग पळवितो, एवढीच गोष्ट. पण मागच्या रांगांतून जो हशा उठत होता तो मीं पुन्हां ऐकला नाहीं. सुटी मिळून आलेले ते कामगार राजाला हंसत नव्हतेच. ते आपल्या खात्यांतल्या जॉबरला, मुकादमाला, वशिल्यानें वर चढलेल्या मेहुण्याला हंसत होते. वगांतल्या राजाला नांव नसतें, म्हणून तें ज्यानें त्यानें आपल्या मनांत घालावें. आतां त्या गिरण्याहि नाहींत. आणि १९२२ पासून त्या वस्तीला नाटकें दाखविणारें परळचें दामोदर नाट्यगृह २०२३ सालीं पुनर्बांधणीसाठीं बंद झालें.

मास्तरांचें म्हणणें, हीच आपली सभ्यता. हंसायचें तर बिननांवाच्या राजाला हंसावें. नांव घेतलें कीं मुजरा करावा. मला हें पूर्वीं पटलें असतें. पण चोलजोंगच्या सहवासांत वीस भाग काढल्यावर मला या सोयीची एक उणीव दिसूं लागली आहे. वगांतल्या राजाला आपण हंसतों, आणि पडदा पडला कीं विसरतों. त्याचें पुढें काय झालें हा विचार रात्रीं कोणाला छळत नाहीं. ज्याला नांव नाहीं त्याच्यासाठीं रडतां येत नाहीं. उलट नांवाच्या राजांपैकीं आपण आठवतों ते विजयी तरी असतात, हुतात्मे तरी. जो धड जिंकला नाहीं, धड लढून मेलाहि नाहीं, ज्याला दुसऱ्यांनीं बसविलें आणि दुसऱ्यांनींच झांकलें, अशा माणसाला आपल्या ऐतिहासिक नाटकांत जागा कुठें आहे? पोवाड्यांत तो बसत नाहीं, आणि वगांत बसविला तर त्याचें नांव काढून घ्यावें लागतें.

विसावा भाग आम्हीं तिघांनीं मिळून पाहिला. वाचकांपैकीं कोणी ती मालिका पाहणार असतील तर त्यांनीं हीं चार वाक्यें गाळावीं. आचाऱ्याचा आत्मा आपल्या काळांत परत येतो. आजच्या सोलमध्यें तो धांवत जाऊन इतिहासाचें पुस्तक उघडतो. आणि त्या पुस्तकांत चोलजोंग हा एक कर्ता, सुधारक राजा म्हणून नोंदलेला असतो. मालिकेनें इतिहासच बदलून टाकलेला असतो.

मास्तर एकदम उठून उभे राहिले. "हें खोटें आहे," ते म्हणाले. "तो बत्तिसाव्या वर्षीं मेला. त्याच्या हातून कांहींहि झालें नाहीं."

नात पडद्याकडेच पाहात होती. ती म्हणाली, "मास्तर आजोबा, तिकडच्या सगळ्यांना तें ठाऊक आहे. म्हणून तर."

मास्तर चहा न घेतां गेले. त्यानंतर दोन शनिवार ते आले नाहींत. पन्नास वर्षांत असें झालें नव्हतें. दूरध्वनि केला तर 'पाय दुखतो' एवढेंच उत्तर मिळे. आणि त्यांचे पाय माझ्यापेक्षां धड आहेत हें आम्हां दोघांनाहि ठाऊक होतें. गोष्ट एका परक्या मालिकेची, परक्या राजाची. पण तिनें त्यांना कुठें तरी दुखविलें होतें. तीस वर्षें ज्यानें मुलांना 'घडलें तेवढेंच लिहा' म्हणून शिकविलें, त्याला न घडलेल्याचीहि कोणाला तहान असूं शकते, हें कोणीं कसें सांगावें?

तिसऱ्या शनिवारीं ते आले ते ग्रँट डफचें एक जीर्ण पुस्तक काखेंत घेऊन. खुर्चींत बसण्यापूर्वींच म्हणाले, "अहो, आपल्याकडे चोलजोंग होऊन गेला आहे. रामराजा!"

मला आठवण होती ती पुसटच. मास्तरांनीं ती उजळली. १७४९ च्या डिसेंबरांत शाहूमहाराज निपुत्रिक वारले. ताराबाईनें आपला नातू म्हणून पुढें केलेला, आडगांवीं गुप्तपणें वाढलेला मुलगा सातारच्या गादीवर आला. हा खरा वंशज कीं तोतया, अशी शंका होतीच. म्हणून ताराबाईनें सैन्यासमोर त्याच्याबरोबर जेवावें आणि अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचें सांगावें, असें ठरलें. ती जेवली. पुढें तो तिच्या मुठींत राहीना, तेव्हां १७५० च्या चंपाषष्ठीला तिनें त्याला जेवायच्या निमित्तानेंच किल्ल्यावर बोलावून कैद केलें. आणि हा माझा नातू नव्हेच, हा कोणी गोंधळी आहे, असें जाहीर केलें. पुढें जवळजवळ सारा जन्म त्याचा नजरकैदेंत गेला. छत्रपति तो, कारभार पुण्याला.

"थोरली राजमाता आहे," नात बोटें मोडीत म्हणाली, "खेड्यांतून आणलेला राजा आहे, जेवण आहे. आणि तो गोंधळी असेल तर गातां येत असणार. मास्तर आजोबा, वीस भाग सहज होतील."

मला वाटलें, आतां पुन्हां पाय दुखणार. मास्तरांनीं तिच्याकडे बराच वेळ पाहिलें. "त्याची थट्टा करायची नाहीं," ते म्हणाले. मग पुस्तक उघडून पुन्हां मिटलें. "त्या ताटांत काय वाढलें होतें, तें कुठें सांपडतें का पाहातों आहें. डफ तें सांगत नाहीं."

"पुरणपोळी," नात म्हणाली.

"छावणींत पुरण कोण घालीत बसतो?" मास्तर म्हणाले. "भाकरीच असेल. आणि म्हातारीला दांत किती होते, हेंहि पाहिलें पाहिजे."